पुढच्या फळीवरचा नंबर

मला कोणी बस म्हटलं की मी बसते, पण पाय आतल्या आत चालूच असतात. त्या गुरुवारी घर ते धक्का किती फेऱ्या मारल्या ते माझ्या गुडघ्यांनाच माहीत. चहा गार केला, पुन्हा गरम केला, पुन्हा विसरले. होडी तपासायला साहेब लोक येणार होते आणि येण्याची वेळ कोणी सांगितली नव्हती.

आमची होडी म्हणजे काही जहाज नव्हे. लाकडी, मागे छोटं मशीन, दहा-बारा माणसं बसतील एवढी. तानसा नदी आमच्या गावाशी येते तिथे भरतीला खाडीचं पाणी वर चढतं आणि पात्र रुंद होतं. पलीकडे गावाची भातशेती आणि भाजीचे वाफे. पुलावरून जायचं तर मोठा वळसा. होडीने, तोंडातलं पान संपायच्या आत पलीकडे. आधी सासरे माणसं पलीकडे उतरवायचे, ते गेल्यावर आमचे हे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, हे माणूस जमिनीवर आल्यावर जरा नीट चालायला शिकेल. अजून शिकतंय.

मुलगा एव्हरशाईन सिटीत राहतो. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे. दोन वर्षं मागे लागलाय, चला आमच्याकडे. सून पण मनापासून बोलावते, उगाच खोटं कशाला बोलू. शेवटी ह्यांनी एकदा वैतागून सांगितलं, "या वेळी होडी पास नाय झाली तर येतो. झाली तर परत तो विषय काढायचा नाय." मुलगा म्हणाला, "बाबा, शब्द?" हे म्हणाले, "शब्द." मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, ते मलाही ठाऊक नव्हतं.

तर या वर्षी पाऊस संपल्यावर बातमी आली की नदीतल्या सगळ्या होड्यांची तपासणी होणार. परवाना, होडीचा नंबर, चालवणाऱ्याचा दाखला, लाइफ जॅकेटं, सगळं बघणार. जॅकेटं आमच्याकडे होती, अगदी बाराच्या बारा. कपाटात होती, माझ्या शालूच्या खाली, प्लॅस्टिकसुद्धा न काढता. चिखल लागेल म्हणून मीच जपून ठेवली होती.

"बुडायच्या वेळी कपाट उघडायला घरी यायचं काय?" ह्यांनी विचारलं.

"नवीन वस्तू आहेत. तुम्ही त्यांचं पोतेरं केलं असतं."

बुधवारी ती होडीत नेऊन ठेवली. गुरुवारी सकाळी धक्क्यावर गेले तर हे उकिडवे बसून, कागद गुडघ्यावर धरून, लाल ऑइलपेंटने होडीच्या पुढच्या फळीवर नंबर काढत होते. पावसाआधी जुनी फळी कुजली म्हणून सुतार बोलावून ती बदलली होती. नवी फळी लावली, रंग दिला, आणि नंबर राहिला तो राहिलाच. शेजारचे भावजी त्यांच्या होडीतून ओरडले, "वहिनी, बघा, आज बारसं आहे. घुगऱ्या कुठायत?"

"तुमच्या होडीचं बघा आधी," मी म्हटलं.

अकरा वाजून गेले तेव्हा साहेब आले. साहेब कसले, पोरगीच ती. सलवार-कमीज, वर लाइफ जॅकेट घट्ट बांधलेलं, सोबत फाइल धरलेला एक शिपाई. बोलण्यावरून सोलापूरकडची असावी. होडीत उतरताना तिने ह्यांचा हात धरला तो दोन्ही हातांनी. पाण्याला घाबरत होती, पण बघत होती बारकाईने. दाखला पाहिला, मशीन पाहिलं. एक जॅकेट उचलून नाकाशी नेलं.

"काकू, याला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय."

"नवीन आहे ना बाय, म्हणून," मी म्हटलं. तिला हसू आलं होतं, ते तिने गिळलं.

मग पुढे गेली आणि नंबरावर बोट ठेवलं. बोट लाल झालं. तिने बोटाकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे.

"काका, कागदावर लिहिलंय नंबर कोरलेला आहे. हा तर अजून वाळला पण नाही."

"फळी बदलली, मॅडम. नंबर तोच."

"तोच कशावरून? कुठल्याही होडीवर कुठलाही नंबर लिहिता येतो. जुनी फळी कुठाय?"

"सुतारानं नेली आसंल. तो तिकडं बोयसरला कामाला गेला. फोन पन बंद लागतो."

तिने पेनाचं टोपण लावलं. "मग ही तीच होडी आहे असं मी लिहू शकत नाही. परवाना रद्द करावा म्हणून वर पाठवावं लागेल."

आता मी जे सांगते ते मुलाला सांगितलेलं नाही, सुनेला तर नाहीच. ती फळी सुताराने नेलेली नव्हती. ती माझ्या स्वयंपाकघरात होती. आमच्यात होडीची फळी चुलीत घालत नाहीत. जिने पाण्यावर माणसं सांभाळली तिला जाळायचं कसं? म्हणून ती घरात कुठेतरी लावतात. कोणी गोठ्यात लावतं, कोणी दारात बसायला. मी कुजलेलं टोक कापून घेतलं, नंबराची बाजू खाली केली, दोन बाजूंना विटा लावल्या आणि वर पाण्याचे हंडे मांडले. हंड्यांखाली फुलाफुलांचं रबरी कापड घातलं. सहा महिने हे त्याच हंड्यांतलं पाणी पीत होते. स्वयंपाकघरातलं ह्यांना काही दिसत नाही, ताटात आलं तरच दिसतं.

मला सगळं आठवलं होतं. आणि मी गप्प उभी होते.

किती वेळ, सांगता येत नाही. पदर बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. डोळ्यासमोर लिफ्ट आली, अगदी खरं सांगते. बटण दाबलं की वर. हंडे भरायचे नाहीत, धक्क्याच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत, वारा सुटला की दारात येऊन नदीकडे बघत बसायचं नाही. मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. भरतीचं पाणी होडीला धक्क्यावर हळूहळू आपटत होतं.

ह्यांनी वाद घातला असता तर बरं वाटलं असतं. ह्यांनी बसायच्या फळीखालून पाणी उपसायचा पत्र्याचा डबा काढला आणि धक्क्यावर ठेवला. मग बसायचं गोणपाट काढलं, घडी घातली, डब्याशेजारी ठेवलं. घर खाली करताना माणूस आधी छोटं सामान बाहेर काढतो, तसं. लाल रंगाचा हात डोक्याला पुसला होता, पांढऱ्या केसांत रंग लागला होता, ते पण कळलं नव्हतं.

"बाय, थांब जरा," मी म्हटलं. "फळी माझ्या घरात आहे."

हे वळून बघायला लागले. मी बघितलं नाही, घराकडे सुटले. मागे भावजी धावत आले. हंडे काठोकाठ भरलेले, दोघांनी अर्धं पाणी मोरीत ओतलं, अर्धं माझ्या साडीवर. रबरी कापड फळीला चिकटलं होतं ते ओढून काढलं. खालून फळी काळी पडली होती, पण नंबर होता. खोल कोरलेला, सासऱ्यांच्या वेळचा, बोटाने वाचता येईल असा.

धक्क्यावर आणून ती नव्या फळीवर धरली. खिळ्यांची भोकं खिळ्यांवर बसली, एक सोडून सगळी. ते एक कापलेल्या टोकात गेलं होतं. पोरीने फोटो काढले, टेप लावून होडीची लांबी-रुंदी मोजली, कागदाशी ताडून पाहिली.

"हे घरात काय करत होतं, काकू?"

"हंडे धरत होतं."

ती म्हणाली, "नुसती भोकं जुळली म्हणून मी आज पास लिहू शकत नाही. रद्द पण लिहीत नाही. आठ दिवस होडी बांधून ठेवा. नंबर कोरून घ्या, रंगवून नाही. मी परत येते. आणि जॅकेटं कपाटात जाणार नाहीत."

ते आठ दिवस! हे घरात, म्हणजे आत-बाहेर, आत-बाहेर. उंबरठा झिजवला. भरती कधी, ओहोटी कधी, ते दारातूनच सांगायचे, कोणी विचारलं नाही तरी. पलीकडे जाणारे लोक दुसऱ्या होडीची वाट बघत बसायचे आणि हे त्यांच्याकडे बघायचे. दुसरा सुतार मिळाला तो सहाव्या दिवशी. मी पण कुठे स्वस्थ होते? भांडं घासायला घेतलं की वाटायचं, आता हे त्या फळीचं विचारतील. मुलाचा रोज फोन, "आई, सामान बांधायला येऊ का?" मी म्हणायची, "बघू रे." काय बघू, ते त्याला कळायचं नाही आणि मला सांगता यायचं नाही.

पोरगी शब्दाला जागली, आली. कोरलेल्या नंबरावरून बोट फिरवलं, मग बोट बघितलं. कोरडं होतं. होडी पास झाली, फक्त बाराऐवजी दहा माणसं न्यायची असं लिहिलं. ह्यांनी लगेच मशीन चालू केलं, तिला पलीकडे सोडून आले. मी मुलाला फोन करून सांगितलं. तो मग म्हणाला, "बरं झालं, आई," आणि सुनेच्या हातात फोन दिला.

जुनी फळी परत विटांवर ठेवली. या वेळी नंबराची बाजू वर केली, रबरी कापड घातलं नाही. ह्यांनी पाणी प्यायला हंडा उतरवला, पेला भरला, नंबराकडे बघितलं.

"त्या दिवशी फळीचं सांगायला तुला एवढा वेळ का लागला गं?"

"हंडे भरलेले होते," मी म्हटलं.

ह्यांनी पेला संपवला, उपडा घातला. "संध्याकाळची भरती मोठी हाय. जाऊन दोरी बघतो," म्हणाले आणि निघाले. मी पण चपला घातल्या आणि मागून गेले.