बोलणी खायला आसुसलेला जावई

निहालदाजी गेल्याचा ताईचा हॉस्पिटलातून फोन आला तेव्हा मी अंबरनाथला रिक्षाच्या रांगेत उभा होतो. एका वाक्यात तिने बातमी सांगितली आणि दुसऱ्या वाक्यात म्हणाली, "आईला तू सांग, मला नाही जमणार..." हृदयविकाराचा झटका, तोही सकाळी दात घासताना. वय बावन्न. आज पाच आठवडे झाले. माझ्या बहिणीच्या या नवऱ्याबद्दल चार शब्द लिहायला बसलोय, तर डोळ्यांत पाणी यायच्या आधी हसूच येतंय. यात दोष त्यांचा आहे, माझा नाही.

ताई मस्कतला नर्स होती. तिच्याच हॉस्पिटलात मशिनी दुरुस्त करणाऱ्या श्रीलंकेच्या निहालशी तिने लग्न केलं. पुढे आमचे वडील गेले, आईचे गुडघे गेले, माझी नोकरी फिरतीची. तेव्हा हे दोघं दोन वर्षांच्या मितूला घेऊन कायमचे बदलापूरला आमच्या घरी राहायला आले. आईने बिल्डिंगभर "फॉरेनचा जावई येतोय" करून ठेवलं होतं. गोरापान साहेब बघायला बायका जिन्यात दाटीवाटीने उभ्या. टॅक्सीतून उतरला माझ्याहून सावळा, सडपातळ, मिशीवाला माणूस, काखेत पोर आणि हातात नारळाची पिशवी. शेजारच्या काकू सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, "हा फॉरेनचा? हा तर आपल्या वांगणीचा वाटतो गं!" परदेशी असल्याचा मान दाजींना तेव्हा मिळाला नाही, नंतरही नाही. दरवर्षी त्यांच्या मुक्कामाचे कागद वाढवून घ्यायला आम्ही कचेरीत जायचो, तर तिथला माणूस हमखास माझ्या गॉगलकडे बघून मलाच आत बोलवायचा.

पण खरी पंचाईत घरात होती. आमच्याकडे माया मोजायची ती आईच्या बोलण्यांवरून. ओला टॉवेल गादीवर टाकला, दिवा चालू ठेवला, डब्यात भाजी उरली, की आईचा पट्टा सुरू. मी चाळिशीला आलो तरी मला सूट नाही. जावई मात्र दहावा ग्रह! त्याला खुर्ची, त्याला पहिलं ताट, त्याला "अजून घ्या ना." एकदा पाण्याच्या दिवशी दाजींनी हंडा उचलला, तर आईने तो अक्षरशः हिसकावून घेतला, "अहो, लोक काय म्हणतील मला?" मग दाजींनी मुद्दाम टॉवेल गादीवर टाकून बघितला. आईने तो गुपचूप वाळत घातला. त्यांनी कप फोडला. आई म्हणाली, "जुनाच होता तो." मितूसुद्धा विचारायची, "आजी, डॅडीला कधी ओरडणार?"

अशी तीन वर्षं गेली. एक दिवस जिन्यात बसून दाजी मला म्हणाले, "मेहुणे, मी इधर हॉटेलमध्ये राहतो. हॉटेल एकदम अच्छा हाय. पण घर नाय. माँ ज्याला ओरडते, तो घरचा. मला नाय ओरडत." कोलंबोला नोकरी चालून आली होती. बुद्धपौर्णिमा झाली की होकार कळवायचा, ताई आणि मितूलाही न्यायचं, असं ठरत आलं होतं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी हबकलोच. रागावायचं कुणावर, तेही कळेना, कारण त्यांचं काही खोटं नव्हतं.

पौर्णिमेच्या दिवशी आईने विहारासाठी पातेलंभर खीर करून ओट्यावर झाकून ठेवली आणि ती आंघोळीला गेली. आता दाजींच्या गावी त्या दिवशी रस्त्यावर अन्नदान असतं. जाणारी-येणारी वाहनं हात करून थांबवतात आणि खाऊ घातल्याशिवाय सोडत नाहीत. एवढी खीर बघून त्यांना वाटलं, ही त्याचीच तयारी! पातेलं उचलून ते थेट नाक्यावर. मी मागोमाग गेलो, पण उशीर झाला होता. दाजी पांढऱ्या कपड्यांत, हातात पळी, रिक्षांना हात करतायत. एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "पातेल्याचे वेगळे पडतील." दुसऱ्याने विचारलं, "कौनसी पार्टी?" उल्हासनगरचे एक सिंधी काका स्कूटर बंद न करताच म्हणाले, "फ्री है? तो फिर पीछे क्या चिपकाओगे, पहले वो बोलो." अर्ध्या तासात एक वाटी संपली, तीही मी खाल्ली म्हणून.

तेवढ्यात आई आली. दोन महिने जिना न उतरलेली आई, ओल्या केसांनी, भर नाक्यात.

"अक्कल गहाण टाकलीय का? विहाराची खीर ती! विचारायला तोंड नव्हतं? आणि या उन्हात डोक्यावर टोपी नाही? वाटी अशी अर्धी भरतात? भिकाऱ्याला वाढताय का?"

नाका थबकला. मीही थबकलो. दाजी मात्र मान खाली घालून असे ऐकत होते की काय सांगू... आईने त्यांच्या हातून पळी ओढली, समोरच्या रिक्षाला आडवी गेली आणि म्हणाली, "ए, उतर. पौर्णिमेची खीर आहे, खाऊन जा." तो उतरला. मागचेही उतरले. सिंधी काका दोनदा जेवले. विहारासाठी दुसरं पातेलं दाजींनी ढवळलं आणि नीट ढवळत नाही म्हणून पुन्हा बोलणी खाल्ली. संध्याकाळी त्यांनी कोलंबोला नकार कळवला. मग आपल्या बहिणीला फोन लावून सिंहलीत खूप वेळ बोलत राहिले. मला "अम्मा" तेवढं कळलं. हसत होते आणि डोळेही पुसत होते.

त्यानंतरची दहा वर्षं आईने त्यांना काही कमी पडू दिलं नाही. सुकी मासळी खिडकीत वाळत घातली म्हणून, मितूला लाडावलं म्हणून, रक्तदाबाची गोळी विसरले म्हणून, रोज काही ना काही होतंच.

दाजींना घरी आणलं तेव्हा सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले होते. आईला आम्ही धरून खुर्चीत बसवलं. ती रडेल म्हणून काकू पदर घेऊन तयार होत्या. आईने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "गोळ्या घेतल्या नाहीत ना? तशाच पडल्यात कपाटात, बघितल्या मी. किती सांगायचं माणसाने? पोरीचं दहावीचं वर्ष, आणि न सांगता निघालात? काही कळतं का?"

आवाज चढत गेला. माणसं चुळबुळली. काकूंनी आईचा हात धरला, "मावशी, असं बोलू नये आता. जावई आहे."

"बोलू द्या तिला, काकू," ताई म्हणाली. "त्यासाठीच तर तो इथे राहिला."

त्यांना बाहेर नेईपर्यंत आई बोलत होती.