सोमारीचं वारूळ

सोमारीच्या जिभेला आलापल्लीच्या बाजारातले व्यापारीसुद्धा वचकून असत. पण जिभेहून तिचे डोळे तिखट. रानात मुंग्यांची रांग कुठून कुठे चालली आहे, हे तिला चालता चालता कळायचं. सागाच्या रानाला लागून तिची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भातशेत, होती आणि बांधीच्या कोपऱ्यात कमरेइतकं उंच वाळवीचं वारूळ. श्रावणात जुनं धान संपलेलं असे, नव्याला अजून वेळ असे. नेमक्या त्या दिवसांत वारुळाभोवती सात्या उगवायच्या. पांढऱ्या रानछत्र्या, शिजल्या की मटणाची उणीव भासू नये अशा. सोमारीचं घर आणि शेजारी राहणाऱ्या धाकट्या दिराचं, पत्रूचं घर, दोन्हींची पोटं त्यावर निभायची.

सोमारी सात्या विळ्याने अलगद कापायची, उपटू द्यायची नाही. वर चार-दोन मोठ्या तिथेच सोडून यायची. पत्रूला हसू यायचं.

"वहिनी, वाळवीले जेवाले घालतं काय?"

"तेच आपल्याले घालून राह्यली," ती म्हणायची.

१९५३ च्या श्रावणात पत्रूची बायको बुधरी बाळंत झाली. घरात धड अन्न नाही, म्हणून पोरीला दूध पुरेना. सात्याही त्या वर्षी मूठभरच निघाल्या. पत्रू भला माणूस, पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, त्यातला. दरवर्षी वर एवढं उगवतं तर खाली कोठारच असणार, असं त्याच्या डोक्याने घेतलं. सोमारी बांबूचे कोंब आणायला रानात गेली आणि त्याने वारुळात कुदळ घातली. आत सात्या नव्हत्याच. छिद्राछिद्रांचे करडे गोळे निघाले, हातात घेताच भुगा होणारे.

सोमारीने परत येऊन ते पाहिलं. आधी तिने पत्रूच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग पदर खोचून खाली बसली.

"हे गोळे म्हंजे त्याईचं वावर हाय. वाळवी पाला-लाकूड आणते, पन ते तिले पचत नाई. मंग इथी त्याचा वाफा करते. त्यावर बुरशी धरते. बुरशी लाकूड मऊ करते, तवा कुठी हिचं पोट भरते. त्याच बुरशीच्या सात्या वर येते अन् आपल्या हंडीत पडते. एक मेली का दुसरी मेली. मंग आपली पाळी."

"आता?" पत्रूने मान न उचलता विचारलं.

"खाली राणी जित्ती असन तं वारूळ उभं राहीन. नाई तं नाई."

उरलेले गोळे तिने परत आत ठेवले, वर ओली माती थापली, कुजकी लाकडं नि पाला रचला आणि भोवती काट्यांचं कुंपण घातलं. वाळवीला घरात शिरू न देणारी माणसं तिला वेडी म्हणाली. पुढच्या श्रावणात एकही छत्री निघाली नाही. त्याच्या पुढच्या श्रावणातही नाही. दोन्ही घरांनी ते दिवस कोंबांवर आणि पाल्याच्या भाजीवर काढले. शेवटी शरमेने पत्रूच म्हणाला, "सपाट करू वहिनी. दोन पायल्या धान तरी वाढन."

सोमारीने त्याला एका लाकडावर चढलेली ओल्या मातीची बारीक रेघ दाखवली. वाळवी कामाला लागली होती. एवढ्याशा रेघेच्या जोरावर ही बाई आणखी एक वर्ष थांबली. असा धीर शिकवून येत नाही.

तिसऱ्या श्रावणात वारुळाभोवतीची माती तडकली आणि सकाळी सगळीकडे पांढरी डोकी दिसली. सोमारीने पत्रूला हाक मारली आणि विळा त्याच्याच हातात दिला.

 तो खाली बसून एकेक छत्री हलक्या हाताने कापू लागला. त्याची पोर आता तीन वर्षांची झाली होती. टोपली भरत आली तशी ती उरलेल्या दोन मोठ्या छत्र्यांकडे झेपावली. पत्रूने तिचा हात धरला.

"त्या राहू दे, बाई. ज्याईनं पेरलं, त्याईच्या हाय त्या."

 सोमारीने टोपली डोक्यावर घेतली आणि बुधरीच्या घराकडे चालू लागली.