वत्सलाबाईंच्या खिडकीचा हूक

दिंद्रुडच्या रस्त्यावरच्या एका ढाब्यावर चुलीवरची भाकरी मिळते. ती रोज कोण थापतं, हे खाणाऱ्यांना ठाऊक नसतं. वत्सलाबाई पन्नास-साठ भाकरी घरीच करून देत. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, पोटी कुणी नव्हतं. बोलणं हळू, हात मात्र झपाट्याचा. छातीत दमा होता. चुलीशेजारची ठेंगणी खिडकी उघडी असली तरच धूर निघायचा आणि त्यांचं काम निभायचं.

वाटणीत ही खोली त्यांना आली आणि मागचं अंगण दीर बजरंगला. खिडकीची झडप उघडायची ती बजरंगच्या अंगणात. फाल्गुन सरला की माळावरून वारं सुटे. झडप दाणकन आपटे आणि सगळा धूर खोलीत कोंडे. शेवटी त्यांनी म्हाळू सुताराला बोलावलं. त्यानं चौकटीला वीतभर लोखंडी हूक बसवला, झडपेला रिंग मारली आणि झडप उघडी अडकवून दाखवली. त्या दिवशी साठ भाकरी झाल्या, वत्सलाबाई एकदाही खोकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बजरंग गावातल्या दोन जाणत्यांना घेऊन खिडकीशी उभा.

"वहिनी, हे काय हाय?"

"हूक हाय, भाऊजी. वाऱ्यानं लई आपटत होती."

"वाऱ्यानं उघडली तर वाऱ्याची. तुमी अडकवून ठेवली की तुमची वहिवाट झाली. उद्या म्हणताल, झडपेखालची जागा माझी."

"मी कावून म्हणू तसं? मला काय करायची जागा?"

"तुमी न्हाई म्हणणार. तुमच्या माघारी तुमचे भाचे म्हणतील."

जाणत्यांना हे एकदम पटलं. झडप उघडायला हरकत नाही, हातानं धरायलाही नाही. अडकवायची मात्र नाही, असं ठरलं. बजरंगनं पकडीनं हूक उपसला आणि वहिनीच्या हातावर ठेवला. सात वर्षांच्या, आईवेगळ्या बजरंगला त्याच हातांनी वाढवलं होतं, हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं. तो विषय मात्र कुणी काढला नाही.

भाकरी थापायला दोन्ही हात लागतात. म्हणून वत्सलाबाई बांबूचं एक टोक झडपेला लावत आणि दुसरं डाव्या गुडघ्यानं रेटून धरत. बजरंगची बायको सुनिता अंगण झाडता झाडता थांबून बघे.

"बाई, तुमी खिडकीला धरलंय का खिडकीनं तुमाला?"

वत्सलाबाई हसत. उत्तर द्यायला तेवढा दमच नसायचा.

चैत्रातल्या एका दुपारी वावटळ आली. झडप अशी आली की बांबूनं गुडघ्याला धक्का दिला, वत्सलाबाई पुढं कोलमडल्या आणि उजवा पंजा तापल्या तव्यावर टेकला.

किंकाळी ऐकून पहिला धावला तो बजरंगच. त्यानं जीप काढली, माजलगावच्या दवाखान्यात नेलं, चार दिवस उशाशी बसला. भेटायला येईल त्याला सांगे, "आईच्या जागी हाय मला." डोळे पुशी, आणि ते पाणी खोटं नव्हतं.

पाचव्या दिवशी घरी आल्यावर वत्सलाबाईंना आधी ओल्या सिमेंटचा वास आला. खिडकी नव्हती. तिथं विटा होत्या, वरून गिलावा झाला होता. दारात तेच दोन जाणते बसले होते.

"पुना इजा नको म्हणून बुजवून टाकली," बजरंग म्हणाला. "सांगा बरं वहिनी, ह्यांच्यासमोर सांगा. तुमची काय हरकत?"

सुनितानं ताट आणून पुढ्यात ठेवलं होतं. हात बरा होईस्तोवर दोन्ही वेळचं जेवण तिच्याकडूनच यायचं होतं.

"न्हाई," वत्सलाबाई म्हणाल्या. "बरं केलंत, भाऊजी."

"ऐकलं ना?" बजरंग जाणत्यांकडं वळला. त्यांनी माना हलवल्या.

"पर मग मी चूल कुठं मांडू?"

"आता तुमाला कशाला चूल?" सुनिता मायेनं म्हणाली. "ढाब्यावाल्याला सांगितलंय मी. आजपासून भाकरी आमच्याकडून जात्यात. अंगणातच मांडलीय चूल. मोकळं हाय, धुराची कटकट न्हाई. जेवा, बाई."

वत्सलाबाईंनी डाव्या हातानं घास मोडला. सगळे बघत होते, म्हणून खाल्लाही.