जोडीची काच

त्या दिवशी बंगल्यात आम्ही चौघंच होतो. साहेब, बाईसाहेब, मी, आन माही पोरगी. माळी गावाले गेला होता, तो नाई. त्या चौघांतली आता मी एकटीच उरली, म्हणून मीच लिहून राहिली.

साहेब इंजिनिअर होते. रामटेकाकडं तलावाचे बांध आन पाटाचे दरवाजे करण्यात त्याईची उमर गेली. पेन्शनीत आल्यावर काम संपलं, पण हात स्वस्थ बसत नव्हते. घड्याळं खोलायची, पेटी वाजवायची, जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करायचं, फोटू काढायचे. मी तिथं धुणं-भांडी करत होती.

बाईसाहेब म्हणायच्या, "अहो, फडताळात मिठापेक्षा घड्याळाचे काटे जास्त झाले. त्यांचंच लोणचं घालते आता."

साहेब म्हणायचे, "घाल. पण दोन बरण्या घाल. एक जोड म्हणून."

जोड हा त्याईचा शब्द होता. विहिरीले दोर दोन, कुलपाच्या किल्ल्या दोन, एक कलम बांधलं तं बाजूले त्याची जोड. "एक निकामी झालं तर दुसरं हाताशी पाहिजे," असं म्हणायचे. माह्या घरी कशाचीच जोड नव्हती. नवरा मिलमध्ये काम करता करता खोकून गेला. पोरगी एकच.

त्या दिवशी साहेबाईनं तिले संत्र्याच्या झाडाखाली उपड्या घमेल्यावर बसवलं. तिचे समोरचे दोन दात पडले होते.

"हलायचं नाही वं. पाच मोजतो."

"आबा, लवकर मोजा. मले मुंगी चावून राहिली."

तशीच बसली ती, मुंगी चावत असताना. साहेबाईनं एका जागी दोन काचा काढल्या. दोन्ही काळ्या कागदात बांधल्या आन वेगवेगळ्या पेटीत ठेवल्या. तवा काचेवर फोटू निघायचा. मी इचारलं, "कवा दिसंल, साहेब?"

"तोंड आत्ताच आहे तिच्यात. धुतल्याशिवाय दिसत नाही. लढाईमुळे फोटोचा मसाला येत नाही बाजारात. आला की धुवू."

मसाला आला नाई. पोरीले मुदतीचा ताप आला. एकविसावा दिवस तिनं पाह्यला नाई.

मी आठ दिवसांनी कामावर गेली. पोटाले सुतक समजत नाई. रोज भांडी घासायच्या आधी मी एकच इचारायची, "साहेब, मसाला आला?" ते मान हलवायचे. सीताबर्डीच्या सगळ्या दुकानांत ते सायकलनं फिरून आले होते. इकडं माह्या डोळ्यासमोरून पोरीचं तोंड चाललं होतं. आधी कपाळ गेलं. मंग नाक. पडलेल्या दातांची जागा तेवढी आठवे. मी डोळे गच्च मिटून चुलीपुढं बसायची, पण ती काही येत नव्हती. तिचं तोंड पाहायचा तोच एक रस्ता होता, ती काच.

पावसाळ्यानंतर साहेबाईले लकवा मारला. तोंड वाकडं झालं, शब्द तुटून येत. एक दिवस बाईसाहेब देवळात गेल्या होत्या. साहेबाईनं मले बोलावलं आन आलमारीकडं हात केला.

"काच. धु... धुवून... घे. तुझी पोर."

"धुवू, साहेब?"

त्याईनं मान हलवली.

आता समजते, ते म्हणत होते, कोणाकडून तरी धुवून घे. पण मले धुणं म्हणजे एकच माहीत. जलमभर तेच केलं. मसाला म्हणजे साबणासारखंच काही असंल, रिठ्यानंही भागंल, असं वाटलं. मी पेटी घेऊन विहिरीवर गेली. भर उन्हात काळा कागद सोडला. काचेवर दुधाच्या सायीसारखा थर होता. मले वाटलं, हाच मळ आहे, याच्याखाली माही पोरगी आहे. थंड्या पाण्यानं निघाला नाई, म्हणून गरम पाणी घेतलं, रिठा लावला. मंग राख घेऊन हळूहळू घासलं, लेकराचं तोंड पुसावं तसं. थर सुटला. काचेतून माहाच हात दिसला.

मी ती साहेबाईपुढं नेली. "साहेब, हिच्यात तं कोणी नाई."

त्याईनं खूप वेळ पाह्यलं. लकव्यापासून त्याईच्या एका डोळ्यातून पाणी वाहतच राहे, म्हणून मले काही समजलं नाई. म्हणाले, "माझी चूक. काच... खराब होती."

मी ते खरं मानलं. त्याईनं पुन्हा आलमारीकडं हात केला, मले वाटलं, पेटी जागेवर ठेव म्हणतेत. त्याच थंडीत साहेब गेले.

ती कोरी काच बाईसाहेबाईनं मले दिली. ती घेऊन मी सीताबर्डीच्या एका फोटूवाल्याकडं गेली. म्हटलं, पाहा गा भाऊ, काही निघते काय. तो हसला.

"बाई, फोटू काय जर्मनचं भांडं आहे राखेनं घासायले? उजेड लागला तवाच गेला हा. अंधाऱ्या खोलीत मसाल्यात धुतात याले."

"त्याले धुणं म्हणतेत?"

"त्यालेच."

मी त्याच्या पायरीवर बसली. साहेबाईनं माही चूक आपल्या अंगावर घेतली होती, तेही अर्ध्या तोंडानं. मंग एकदम आठवलं, जोड. दुसरी काच.

मी बंगल्यावर गेली. कुलूप होतं. बाईसाहेब जबलपूरले भावाकडं गेल्या होत्या. माळी म्हणे, "घड्याळं, पेट्या, सारं लकडगंजच्या कबाड्यानं नेलं वं. आठ दिवस झाले." लकडगंजात मी दुकान दुकान इचारलं. एक म्हणे आम्ही नाई नेलं, एक म्हणे काचा तं तसबिरीवाले नेतात. कित्येक वर्षं मी तिथं जात राहिली. पाय गेले तवा थांबली.

हे अक्षर साहेबाईनंच गिरवून घेतलं होतं, तोही त्याईचा एक छंद. म्हणून एवढं लिहिलं. वाचणाऱ्याले एकच सांगणं आहे. तुमच्या माळ्यावर जुनी चपटी लाकडी पेटी असंल, तिच्यात काळ्या कागदात बांधलेली काच असंल, तं उघडू नका. पुसू नका. तशीच फोटूवाल्याकडं न्या आन त्याले म्हणा, अंधारात उघड. घमेल्यावर बसलेली, समोरचे दोन दात नसलेली पोरगी निघाली, तं मले दाखवा.