हिरो आणि परसातला ढीग

आमच्या गल्लीच्या तोंडाशी केस कापायचं दुकान आहे. त्याच्या मालकाला सगळे हिरो म्हणतात. पन्नाशी उलटली, पोट सुटलं, तरी कपाळावरचा केसांचा कोंबडा ताठ. धीर धरणं हा प्रकार मात्र त्याच्या स्वभावातच नाही. गिऱ्हाईक खुर्चीत नीट टेकायच्या आत याची कात्री चालू झालेली असते.

त्याच्या घरामागे परस आहे आणि परसात एक अवाढव्य झाड. वर्षातून एकदा ते अंगावरचं सगळं झाडून मोकळं होतं. तो पाला हिरो ढीग करून जाळतो. गेल्या वर्षी तो ओलसर होता. निम्मी काडेपेटी संपली तरी पेट घेईना. हिरोचं डोकं फिरलं. त्याने स्कूटरमधलं पेट्रोल काढून ढिगावर ओतलं, वाकून काडी ओढली आणि भप्प!

जीव वाचला, हातही वाचले. दोन्ही भुवया गेल्या आणि कोंबडाही गेला.

दुकान तर उघडायला हवं. बायकोने आपल्या पेन्सिलीने त्याला भुवया काढून दिल्या. ती रागात होती, म्हणून की काय, जरा उंचच काढल्या. त्यामुळे हिरो दिवसभर थक्क झालेला दिसायचा. गिऱ्हाईकं आरशात बघून दचकायची. "अरे, फक्त बारीक कर म्हटलं, एवढं काय नवल वाटलं तुला?"

त्याच आठवड्यात अग्निशमन दलातला एक जवान केस कापायला आला. तो आरशात बघून इतका हसला की हिरोला कात्री बाजूला ठेवावी लागली.

"पेट्रोल का?" डोळे पुसत त्याने विचारलं.

"थोडंसंच होतं हो."

"त्याची वाफ पसरते मालक, आणि पेटते ती वाफ. तुम्ही वाकलात तेव्हा आधीच तिच्यात उभे होता."

मग कटिंग होईपर्यंत त्याने हिरोची शाळा घेतली. आधी पालिकेला विचारा, परवानगी आहे का. पाला वाळू द्या. वारा नसेल तेव्हाच पेटवा. घर, कुंपण, झाड यांच्यापासून लांब, भोवतीची जमीन खरवडून. ढीग छोटा, पाण्याचा पाइप हाताशी. आणि पेटवण्याआधी सगळा उपसून बघा. रबर, प्लास्टिक आत गेलं तर विषारी धूर होतो.

यंदा हिरोने सगळं तसंच केलं. पालिकेने हो म्हटलं. वारा पडलेला होता. शेजारच्या शिक्षिकाबाईंना वाळत घातलेले कपडे आत घ्यायला सांगून झालं. त्या कुंपणापाशीच उभ्या राहिल्या. बायको पाइप धरून उभी, सासूबाई खुर्ची टाकून बसलेल्या.

"आता उपसतो," हिरो म्हणाला.

"कशाला? पालाच तर आहे," बायको जरा घाईने म्हणाली.

"पेटवा हो जावईबापू, ऊन चढतंय," सासूबाई म्हणाल्या.

"इतकी खबरदारी कशाला?" कुंपणावरून शिक्षिकाबाई. यांना धुराचा इतका तिटकारा की एरवी उदबत्तीवरूनही भांडतील.

हिरोने दाताळं घातलं. पहिल्याच ओढीला त्याचं लाडकं रेक्झिनचं जॅकेट बाहेर आलं. लग्नाआधीचं, आता एकही बटण न लागणारं. महिनाभर तो घर पालथं घालत होता. बायको आकाशात काहीतरी बघायला लागली.

दुसऱ्या ओढीला गुडघ्याचा रबरी पट्टा निघाला. डॉक्टरांनी सक्तीने दिलेला, सासूबाईंच्या मते "चोरीला गेलेला".

"चोर बरा दिसतोय, परत आणून टाकला," सासूबाई निर्विकारपणे म्हणाल्या.

तिसऱ्या ओढीला प्लास्टिकची बासरी. ती या घरातली नव्हती. निवृत्त झाल्यापासून शिक्षिकाबाईंचे यजमान रोज पहाटे बासरी शिकत होते, ते सगळ्या गल्लीला सोसावं लागत होतं. सगळ्यांच्या नजरा कुंपणाकडे वळल्या. बाई लालबुंद झाल्या, मग फस्सकन हसल्या. "पहाटे पाचला, हो! रोज एकच ओळ!"

मग बायको हसली, सासूबाई हसल्या, आणि हिरोला रागवायचं होतं ते राहूनच गेलं. त्याने जॅकेट झटकून अंगात चढवलं. बायको ओरडली, "पेटवताना तरी काढा ते! लगेच चिकटेल अंगाला!" तेवढं त्याने ऐकलं.

मग कागदाचा बोळा करून हात लांब ठेवून त्याने ढीग पेटवला. पाला हळूहळू, आज्ञाधारकपणे जळला. ठिणगी उडाली नाही, कुणी किंचाळलं नाही. हिरो थोडाथोडा पाला टाकत राहिला. शेवटी त्याने राखेवर पाणी मारलं, ती ढवळली, परत पाणी मारलं आणि तिच्यावर तळहात धरून बघितला. गार.

तो आत गेल्यावर, ऊन लागतंय म्हणून आधीच आत येऊन बसलेल्या सासूबाईंनी विचारलं, "झालं का नीट?"

"काहीच झालं नाही," हिरो म्हणाला. यात अभिमान जास्त होता की हिरमोड, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.