माझ्या गाण्यावर दुसऱ्याचं नाव

आमच्याकडे नव्या गाण्याची जाहिरात करायची एकच रीत होती. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी पेन ड्राइव्ह घ्यायचा आणि भिलाई-दुर्ग शहरांतल्या डीजेवाल्यांना गाणं फुकट वाटायचं. मिरवणुकीत ते वाजलं, की लोक विचारायचे, कोणाचं आहे. मग वर्षभर लग्नाची, नामकरणाची, विहारातल्या कार्यक्रमांची बोलावणी यायची. माझं घर त्यावरच चाललं. स्टील प्लांटची नोकरी वडिलांच्या रिटायरमेंटबरोबर घरातून गेली, माझ्या वाट्याला गळा तेवढा आला.

मग जो तो म्हणायला लागला, ऑनलाइन या. आलो बुवा. रील केले, थंबनेल शिकलो, "लाइक करा, सबस्क्राइब करा" म्हणत राहिलो आणि दर वेळी स्वतःचीच लाज वाटली. चाळिशीत हे नखरे. त्यातच वडिलांवर एक गाणं झालं, कोक ओव्हनच्या धगीत उभं आयुष्य काढलेल्या माणसाचं. शब्द माझे, चाल माझी. बायकोनं आणि मी ठरवलं, आधी रीतीप्रमाणे डीजेवाल्यांना द्यायचं, गाजलं की चांगला व्हिडिओ करून आपल्या चॅनेलवर टाकायचं. बाकीची गाणी कुठंही जावोत, या एका गाण्यावर माझं नाव राहावं, एवढीच माझी इच्छा होती.

गाणं गाजलं. वैशाली नगरात मिरवणूक त्याच्यावर थांबून थांबून नाचली. पुढं आम्ही व्हिडिओ टाकला आणि लगेच सूचना आली, की हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे. तो दुसरा म्हणजे बोरसीचा डीजेवाला. त्यानं दोन कडव्यांच्या मधे आपल्या डीजेचं नाव घुसवलं होतं आणि सगळ्या ॲपवर गाणी पोचवणाऱ्या एका कंपनीकडून ते स्वतःच्या नावानं केव्हाच चढवलं होतं.

फोन केला तर तोच चकित.

"दादा, तुमचंच तर प्रमोशन करून राहिलो ना मी. कावून नाराज होता?"

"नाव तरी माझं टाकायचं होतं."

"फॉर्मात एकच नाव मांगत होते. आता कंपनीवाले बदलून नाही देत म्हणते."

त्याच्यावर धड चिडताही येईना. पेन ड्राइव्ह देताना आजवर आमच्यात कोणी कधी कागद केला नव्हता. बायकोनं हरकत नोंदवली. उत्तर आलं, ती कंपनी दावा सोडत नाही, हवं तर कोर्टात जा.

"जाऊ द्या," बायको म्हणाली, "दुसरं बनवा."

वडिलांवर दुसरं गाणं कुठून आणणार होतो? मी थकलो होतो. चॅनेलला पुन्हा हात लावावासा वाटला नाही.

परवा मोहन नगरात एका नामकरणात ते गाणं म्हटलं. वडील समोरच खुर्चीवर होते. कडवं संपलं आणि पोरींनी सवयीनं त्या डीजेचं नाव ओरडलं. मी थांबलो, त्यांचं होऊ दिलं, मग पुढचं कडवं घेतलं.

कार्यक्रमानंतर एक बाई कौतुकानं जवळ आली.

"मस्त म्हटलं भाऊ. अगदी ओरिजिनलवाल्यासारखंच."

वडील तिला सांगायला खुर्चीतून उठत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं.