पक्षाच्या कार्यालयातला नळ

नळवाले काका घरातून निघाले तेव्हा त्यांच्या खिशात दोन अर्ज होते. एक पक्षाचा उमेदवार म्हणून, दुसरा अपक्ष म्हणून. मुदत तीनपर्यंत.

निवडणुकीचं खूळ त्यांच्या डोक्यात कुणी भरवलं नव्हतं. मागच्या गल्लीत पिण्याच्या पाण्याची लाइन गटाराला खेटून जाते. ती किती गंजली आहे हे त्यांनाच ठाऊक, कारण तीस वर्षं तिला ठिगळं तेच लावत होते. अर्जविनंत्या करून झाल्या. शेवटी ते म्हणाले, आपणच नगरपालिकेच्या सभागृहात जाऊन बसू आणि लाइन बदलून घेऊ.

जायचं कसं, यावर महिनाभर घरात खडाजंगी चालली होती.

शाळेपासूनचा दोस्त न्हावी पक्षाच्या बाजूचा. "एकटा गेलास तर कोपऱ्यात बसून जांभया देशील. ठरावाला हात लागतात, बाबा. तुझे दोनच."

"आणि पक्षाकडून गेले की ते दोन्ही त्यांनी सांगितल्यावरच वर करायचे," काकू फटकारायच्या. "हे घरात माझं ऐकत नाहीत, तिथे काय निभावणार!"

काकांना दोघांचंही पटायचं. तीच पंचाईत होती. अपक्षाला दहा सह्या लागतात; त्या काकूंनी दारोदार फिरून आणल्या. मागच्या गल्लीच्या टोकाच्या आजींनी अंगठा दिला. इकडे पक्षाच्या अध्यक्षांचा निरोप आला, शेवटच्या दिवशी एक वाजता या, उमेदवारीचं पत्र तयार असेल.

एकला काका पक्षाच्या कार्यालयात हजर. अध्यक्षांचा पत्ता नव्हता.

"दहा मिनिटांत येतील, बसा," कारकून म्हणाला.

काका बसले. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ गळत होता. दीड वाजला. गळका नळ ऐकत स्वस्थ बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. हत्यारांची पिशवी खांद्याला होतीच.

"वायसर बदलतो. पाच मिनिटांचं काम."

"अहो, उमेदवार तुम्ही, कशाला हात घाण करता?" असं म्हणत कारकुनानेच मेन कॉक दाखवला. तो अख्ख्या इमारतीचा होता. काकांनी तो बंद केला आणि नळाला पान्हा लावला. पितळ जुनं होतं. अर्धा नळ हातात आला, अर्धा भिंतीत राहिला.

पाणी बंद करून कामावरून उठायचं नाही, हे त्यांच्या वस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

"पाणी कुणी बंद केलं हो?" वरच्या मजल्यावरून एक बाई ओरडल्या.

"मी, ताई. सोडतो आत्ता."

अडीचला त्यांनी घड्याळ पाहिलं. निवडणूक कचेरी पंधरा मिनिटांवर. पत्राचा नाद सोडावा, उठावं, अपक्ष अर्ज देऊन टाकावा, असं मनात आलं. वर रिकामी बादली आपटल्याचा आवाज झाला. काका भिंतीतला तुकडा काढत राहिले.

पाणी सोडलं तेव्हा तीनला पाच कमी होते. अध्यक्ष आलेच नव्हते. काका धावले, म्हणजे साठीत जेवढं धावता येतं तेवढं. कचेरीचं दार बंद होतं.

"सात मिनिटं झाली, काका," शिपाई म्हणाला. "माझ्या हातात काही नाही."

उमेदवारीचं पत्र सकाळीच अध्यक्षांच्या मेव्हण्याला मिळालं होतं, ही बातमी संध्याकाळी न्हाव्याने आणली. पक्षाचा हट्ट धरणारा तोच, आता संतापला होता. "तुला मुद्दाम बसवून ठेवलं रे त्यांनी!"

"बसवलं त्यांनी," काका म्हणाले. "कॉक मी बंद केला."

काकूंनी सह्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. "या दहा जणांना तुम्हीच सांगा. मी येणार नाही."

सकाळी काका आधी आजींकडे गेले.

"कुठलं चिन्ह मिळालं रे तुला? नातीला सांगून ठेवते."

"मी नाही उभा, आजी. राहून गेलं."

आजींनी आतून पाण्याचा पेला आणून त्यांच्या नाकाशी धरला. "आज पुन्हा वास येतोय बघ."

"उकळून प्या," काका म्हणाले.

"ते तर तू दहा वर्षं सांगतोयस."